गैरहजेरीनंतरचा पहिला दिवस : खानापूर तालुक्यातल्या प्रकल्प नोंदी

10 जून 2024, सोमवार

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बीईओ (तालुका शिक्षणाधिकारी) ऑफिसातून शाळांत बसून नोंदी घ्यायच्या परवानगीचं पत्र हातात आलं. पत्र कन्नडमध्ये आहे, अण्णांनी परतीच्या बसमध्येच वाचून सांगितलं. अण्णा म्हणजे आमच्या प्रकल्पातले दुसरे. आयुष्यभर एचएम, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणून राहिलेले, त्यामुळे कुठल्याही शाळेत शिरले की आधी घंटा कुठे टांगलीय ते बघतात.

तीन शाळा ठरल्या. तिन्ही सरकारी, मराठी माध्यमाच्या. एक जांबोटीच्या पुढे जंगलाच्या कडेला, पहिली ते पाचवी, दोन शिक्षक. दुसरी खानापूरजवळ वीटभट्ट्यांच्या पट्ट्यात, पहिली ते सातवी. तिसरी हमरस्त्याला लागून. तिथे पट बरा आहे, पण गावातली निम्मी पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेला जातात. नोंदींत शाळांची आणि मुलांची नावं येणार नाहीत. जंगलाकडची, भट्टीकडची, रस्त्याकडची, एवढंच.

प्रश्न सध्या असा लिहून ठेवलाय : पहिली ते पाचवीत मागे पडलेल्या मुलाला शाळेच्या वेळेत कोण, कधी आणि किती वेळ मदत करतं?

अण्णांचा शेरा : "मागे पडलेलं कोण हे कोण ठरवणार? तुम्ही, मी, की वही?" उत्तर दिलं नाही. शेरा मात्र लिहून ठेवला.

14 जून, शुक्रवार

जंगलाकडची शाळा. नली-कलीच्या, म्हणजे कार्डांवरून आपापल्या गतीनं शिकण्याच्या, खोलीत सकाळभर बसून राहिले.

पहिली, दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत. भिंतीचा खालचा भाग काळा रंगवलेला, प्रत्येक पोराला आपला तुकडा. डोक्यावर दोऱ्यांचं चप्पर, त्यावर पोरांनी कातरलेले मासे, पानं आणि एक विमान लटकतंय. खाली पाच गट : काही शिक्षकांबरोबर, काही थोडे शिक्षकांबरोबर, काही मोठ्या पोरांच्या मदतीनं, काही त्यांच्या थोड्या मदतीनं, शेवटचे स्वतःचे स्वतः. भिंतीवर शिडी. शिडीवर चित्रं आणि आकडे. पोरगं येतं, आपलं चित्र शोधतं, त्या आकड्याचं कार्ड उचलतं, ताटलीवरचं चिन्ह बघून त्या गटात जाऊन बसतं. पहिलीतली एक पोरगी चुकून पुढचं कार्ड घेऊन आली, तर दुसरीतल्या पोरानं तिचं मनगट धरून तिला परत शिडीपाशी नेलं. टीचरना काही कळलंही नाही.

ही पद्धत 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात युनिसेफच्या मदतीनं सुरू झाली. मूळ कल्पना आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यांतल्या शाळांची. 2009-10 पासून कर्नाटकभर सरकारी शाळांत आली. हेग्गडदेवनकोटेही जंगलाकडचाच तालुका. तिथली मुलंही मध्येच दिसेनाशी होत आणि मग परत येत. ज्यानं पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून शिडी टांगली, त्याच्या डोळ्यांसमोर रोज शाळेला येणारं पोरगं नसणार, असं आज तिथे बसून वाटलं.

आम्ही फक्त एकच गोष्ट मोजतोय : दर पाच मिनिटांनी टीचर कुणाजवळ आहेत. बाकी सगळं शब्दांत.

24 जून, सोमवार

वाचनाचं पान तयार झालं. मुलांना किती वाचता येतं हे घरोघरी तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात असतं तसं : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गोष्ट आमचीच, झाडावरून फणस काढताना काकाच्या अंगावर पडलेल्या चिकाची. भट्टीकडच्या शाळेत एक पोरगं दुसऱ्याच ओळीला हसत सुटलं आणि पुढे वाचायलाच तयार नाही. "मला म्हाईत हाय पुढं काय झालं." त्याचं वाचन कुठल्या पातळीत टाकायचं यावर अण्णा आणि मी चहा संपेपर्यंत भांडलो.

3 जुलै, बुधवार

रस्त्याकडची शाळा. दुसरीतली मुलं 'फणस' वाचताना शेवटच्या 'स'चा स्वर लांबवून पुरा म्हणतात, 'घर'मधला 'र'ही तसाच. सगळी नाहीत, पण थोडीही नाहीत. अण्णांनी लगेच ओळखलं. कन्नड वाचताना प्रत्येक अक्षरातला 'अ' उच्चारावाच लागतो, मराठीत शेवटचा गिळायचा असतो. पोरं दोन्ही लिप्या एकाच वर्षी शिकतात. 2015 च्या कायद्यानं कन्नड पहिलीपासून सक्तीची झाली, इंग्रजीही पहिलीपासून आहेच. सहा वर्षांच्या डोक्यात तीन लिप्या एकदम. कन्नडचं जोडाक्षर खाली लटकतं, मराठीचं शेजारी चिकटतं. 'पुस्तक'मधला 'स्त' बघून एकानं बोटानं खालची जागा चाचपली, तिथं काही सापडलं नाही म्हणून तो थांबला.

ठरवलं : अक्षर-अक्षर म्हणून झाल्यावर शब्द नीट जुळवून म्हटला तर बरोबर धरायचं. मिनिटाला शब्द मोजायचे, पण त्या आकड्यावरून मुलाला कुठल्या रांगेत बसवायचं नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेच्या लक्ष्यात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द आहेत. घड्याळ लावून इथे बसलं की आकड्यामागे किती काय दडलंय ते कळतं.

घरची बोलीही आहेच. पोरं मैदानात 'काय करुलालास' म्हणतात, पुस्तकात 'काय करतोस' वाचतात. त्यानं मात्र कुणी अडखळताना दिसलं नाही. मुलांना दोन्ही येतं. अडचण मोठ्यांनाच वाटते.

16 जुलै, मंगळवार

रोप लावणी जोरात. जंगलाकडच्या शाळेत चौथी-पाचवीचे बाक ओस. मुलगे गुरांमागे, मुली घरी धाकट्यांना सांभाळायला. एक मुलगी कडेवर भाऊ घेऊनच शाळेत आली. भाऊ नली-कलीच्या खोलीत कार्ड चघळत बसला होता. टीचरनी कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या हातात डबडं दिलं.

हजेरीपटावर रोजचा 'गै' पडतोय. कोण का येत नाही हे टीचरना घरपरत तोंडपाठ आहे, फक्त ते लिहायला कुठे रकाना नाही.

23 जुलै, मंगळवार

पावसामुळे तालुक्यातल्या शाळांना सुट्टी. घरीच वाचन.

कन्नड वाचनावर सोनाली नाग यांचा 2007 चा अभ्यास पुन्हा काढला. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजी मुळाक्षरं जशी लवकर संपतात, तशी आपली अक्षरं संपत नाहीत. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून चिन्हांची संख्या काहीशेवर जाते आणि ती शिकणं चौथी-पाचवीपर्यंत चालूच राहतं. अभ्यास कन्नडचा, पण रचना देवनागरीचीही तीच.

म्हणजे चौथीतलं पोरगं वाचायला शिकून झालेलं नसतं, ते अजून शिकत असतं. आणि आमच्या शाळांत तिसरी संपली की शिडी, कार्ड, ताटली, सगळं मागच्या खोलीत राहतं. चौथीत पाठ्यपुस्तक, धडा पहिला. हे आधी कुणाला दिसलं नसेल असं नाही. पण आमच्या प्रश्नात ते नव्हतं.

6 ऑगस्ट, मंगळवार

आजची नोंद लांबणार.

जंगलाकडच्या शाळेत दोन भावंडं परत आली. भाऊ दुसरीत, बहीण चौथीत. दोघं मामाच्या गावी लावणीला गेलेली, मग पाऊस, मग ओढ्याला पाणी. हजेरीपटात दोघांच्या नावापुढे 'गै'ची सारखीच रांग. मी भावाच्या खोलीत बसले, अण्णा बहिणीच्या.

भाऊ आला, दप्तर टाकलं, प्रगती नोटसमोर, म्हणजे कोण कुठल्या पायरीवर आहे त्याच्या तक्त्यासमोर, उभा राहिला. आपलं नाव, आपली शेवटची खूण. तिथून शिडीकडे, कार्ड उचललं, ते बहुतेक आठवत नव्हतं म्हणून खाली ठेवून त्याच्या मागचं घेतलं. मोठ्या मुलाच्या गटात जाऊन बसला. प्रार्थनेनंतर दहा मिनिटांच्या आत तो कामाला लागला होता. बाकीची पोरं पुढे गेली होती, पण त्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. तिथे प्रत्येकजण वेगळ्याच पायरीवर असतो.

अण्णांची वही मी संध्याकाळी वाचली. बहीण खिडकीजवळ बसली. परिसराचा तास. वर्ग तिच्या तीन धडे पुढे. सरांनी फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहिली, तिनं उतरवून घेतली. मधल्या सुट्टीत शेजारणीची वही मागितली आणि सुटलेलं सगळं उतरवायला बसली. अंडं खायलाही उठली नाही. सर बाकांमधून फिरताना तिच्यापाशी थांबले, वही उलटली, "व्हेरी गुड" म्हणाले, लाल टिक केली. दिवसभरात सर तिच्याजवळ तेवढेच.

शाळा सुटल्यावर अण्णांनी आमचं फणसाचं पान तिच्यासमोर ठेवलं. उतारा कसाबसा. गोष्टीच्या पहिल्या जोडाक्षराला ती थांबली ती थांबलीच.

आता महत्त्वाचं. जूनमध्ये सरांनी आम्हाला मागे पडलेल्या मुलांची यादी दिली होती. त्यात ही मुलगी नाही. असण्याचं कारणही नाही, तिची वही पुरी असते. अक्षर सुरेख. सर आळशी नाहीत. चौथी-पाचवी एकत्र, एचएमचं काम त्यांच्याकडेच, एसएटीएसची (मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती भरायची, दुधाचा हिशोब, अंड्यांचा हिशोब, सीआरपींचा (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्यांचा) फोन. वही बघणं हा त्यांच्याकडे उरलेला एकच झटपट उपाय. आणि वही खोटं बोलते.

13 ऑगस्ट, मंगळवार

प्रश्न बदलला. नवा : किमान सलग पाच शाळा-दिवस गैरहजर राहून परतलेल्या मुलाचा पहिला दिवस कसा जातो, आणि तो नली-कलीत व चौथी-पाचवीत वेगळा जातो का?

पाचच का? तीन दिवस तापातही जातात. पाच म्हणजे जवळजवळ आठवडा, आणि आठवड्यात चौथीचा एखादा धडा संपतो. अण्णांना हा प्रश्न पसंत पडला, कारण मागे पडलेलं कोण हे आता आम्ही ठरवायचं नाही, हजेरीपट ठरवेल.

29 ऑगस्ट, गुरुवार

परिहार बोधनावर, म्हणजे मागे पडलेल्यांसाठीच्या जादा तासांवर, तिन्ही शाळांतल्या शिक्षकांशी बोलणं झालं. कागदावर सगळीकडे आहे, सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी सुटल्यावर.

जंगलाकडे सकाळी आधी यायला बस नाही आणि संध्याकाळी शेवटची बस पकडायची असते, पोरांना नाही तरी टीचरना. शिवाय ऑगस्टातही चारनंतर पोरांना जंगलातून एकटं पाठवायला कुणी तयार नाही, अस्वल दिसल्याच्या बातम्या चालू असतात. रस्त्याकडच्या शाळेत तास होतो, नियमित होतो, पण बसतात कोण? घर शाळेजवळ असलेली पोरं. एक टीचर सरळ म्हणाल्या, "ज्यांना गरज नाही तीच थांबतात हो. मग त्यांनाच शिकवते. बसलेल्याला उठवून कसं पाठवायचं?"

मला या सगळ्यातून एवढं दिसतं : शाळेच्या वेळेबाहेर ठेवलेली मदत ही ज्याची मदत घरी लागत नाही त्यालाच मिळते. अण्णांना हे वाक्य फार पुस्तकी वाटलं. वाटो.

19 सप्टेंबर, गुरुवार

गणपतीनंतरची शाळा. बरीच मुलं परत येतायत, काही गोव्याहून, आईबाप तिथे कामाला म्हणून.

शिक्षकांशी बसून एक साधी गोष्ट ठरली. तिला आम्ही परतीची चिठ्ठी म्हणतो. हजेरीपटातच कागद. मूल पाच दिवसांनंतर आलं की त्या दिवशी तीन ओळी : शेवटचं काय नीट येत होतं, आज काय वाचून बघितलं, आज कुणाजवळ बसवलं. वाचून बघणं म्हणजे मुलानं शिक्षकासमोर तोंडानं वाचणं. वही चालणार नाही.

तिसऱ्या ओळीवर वाद झाला. मी सुचवलं की चौथीतलं मूल पहिले दोन दिवस अर्धा वेळ नली-कलीच्या खोलीत जाऊन कार्डं घेईल. एचएम सर म्हणाले, लाज वाटेल त्याला. बरोबर होतं त्यांचं. ओढ्यापलीकडच्या एका पाचवीच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "कशाला जाऊ त्या बारक्यांच्यात?" आणि पाठ फिरवली.

तोडगा टीचरनी काढला. मोठ्या पोरांच्या मदतीनं शिकणारा गट आहेच, त्याला मदतनीस हवाच असतो. परतलेलं चौथी-पाचवीचं मूल तिथे दोन दिवस मदतनीस म्हणून बसेल. बारक्यांना कार्ड वाचून दाखवताना त्याचंही वाचन होतं आणि कुठे अडतंय ते टीचरना ऐकू येतं. खिडकीजवळची ती मुलगी आज तिथे बसली होती. जोडाक्षर आलं की ती बारक्याला म्हणते, "तूच सांग बघू." फार हुशार आहे. टीचर ऐकत होत्या, हसल्या नाहीत, चिठ्ठीवर लिहून घेतलं.

माझी धास्ती लिहून ठेवते. मदतनीस ही सोय शिक्षकाची कमतरता भरून काढायला वापरली जायला वेळ लागणार नाही. दोन दिवस म्हणजे दोनच दिवस.

1 ऑक्टोबर, मंगळवार

तिन्ही शाळांतल्या चिठ्ठ्या गोळा केल्या. दसऱ्याची सुट्टी परवापासून. रस्त्याकडच्या चिठ्ठ्या सगळ्या एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेल्या. त्या बाजूला ठेवल्या.

22 ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टीनंतर सगळंच परतलंय, शिक्षकसुद्धा. त्यामुळे आठवडाभर चिठ्ठी बंद. नली-कलीच्या टीचरनी स्वतःहून सगळ्यांना एक-दोन पायऱ्या मागून सुरुवात करायला लावली. चौथीत सरांनी पुढचा धडा काढला. अर्धवार्षिक मूल्यमापन झालेलं असताना मागे कसं जाणार, असा त्यांचा सवाल. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

20 नोव्हेंबर, बुधवार

भट्टीकडची शाळा. पाऊस संपला, भट्ट्या पेटल्या. विजयपूर, कलबुर्गी भागातून कुटुंबं आली. त्यांची मुलं जवळची शाळा म्हणून मराठी शाळेत येऊन बसतात. घरी कन्नड किंवा लंबाणी, मराठी शून्य. एसएटीएस नंबर गावच्या शाळेत अडकलेला, म्हणून इथल्या पटावर नाव लगेच चढत नाही. पटावर नाव नाही तरी टीचर जेवायला बसवतात, हे लिहू का विचारलं तर म्हणाल्या, "शाळेचं नाव नाही ना? मग लिहा."

इथे आमचं सगळं उलटं झालं. या मुलांचा प्रत्येक दिवस पहिलाच दिवस, आणि हजेरीपट त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. पण कन्नडच्या तासाला चित्र फिरलं. टीचरनी एका लंबाणी मुलाला पुढे बोलावलं आणि तो कन्नड गोष्ट सांगत गेला. मराठी पोरं आ वासून. मग त्याच्याशेजारी बसायला रांग, कारण कन्नडचा गृहपाठ. तासभर तो वर्गात सगळ्यात पुढचा होता. पुढचा तास गणिताचा, मराठीतून. तो पुन्हा मागच्या बाकावर.

चिठ्ठीत चौथी ओळ घालायची का? घरी कोणती भाषा. अण्णा हो म्हणतात. मी साशंक आहे. हा प्रश्न या भागात विचारला की ऐकणारा आधी विचारणाऱ्याकडे बघतो. शेवटी ठरलं, ओळ अशी : मूल कोणत्या भाषेत मोकळेपणानं बोलतं. एवढं शिक्षकाला विचारल्याशिवाय दिसतं.

17 डिसेंबर, मंगळवार

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेहून निम्मा गाव कालच परतलाय. जंगलाकडच्या शाळेत एसडीएमसीची (पालकांच्या शाळा समितीची) बैठक होती, आम्हाला मागे बसायला परवानगी. अण्णांनी पालकांना विचारलं, मुलांना न्यायलाच हवं का?

एक काकू उठून म्हणाल्या, "आमी काय हौसेनं न्हेतो काय पोरास्नी? घरात ठेवायचं कुणापाशी?" मग जरा थांबून, "तुमी बारक्याच्या खोलीत शिडी लावलीसा, तसलं थोरलीच्या वर्गात का नाही?"

या खिडकीजवळच्या मुलीच्या आई. आमच्या नोंदी त्यांना कुणी दाखवल्या नव्हत्या. त्यांना दोन्ही पोरं घरी दिसतात, तेवढं पुरेसं आहे.

एचएम सर गप्प होते. बैठकीनंतर म्हणाले की चौथीच्या मराठीच्या पहिल्या काही धड्यांची कार्डं पाचवीच्या मुलांकडून बनवून घेतो, पुठ्ठा एसडीएमसीनं द्यावा. अध्यक्षांनी काजूच्या खोक्यांचा पुठ्ठा चालेल का विचारलं. चालेल.

8 जानेवारी 2025, बुधवार

अहवालाचा कच्चा आराखडा. दोन मतं आहेत आणि दोन्ही ठेवणार.

अण्णांचं : चौथी-पाचवीतही शिडी हवी, पाठ्यपुस्तक शिडीच्या बाजूला. माझं : दोन वर्ग आणि एचएमचं टेबल सांभाळणाऱ्या एका माणसावर कार्डांचा आणखी एक डोंगर टाकला तर तो आधी कपाटात जाईल. चिठ्ठी आणि समोर बसवून वाचून घेणं, एवढं तरी टिकावं. जंगलाकडे टिकलं, कारण दोन्ही खोल्यांमध्ये दार आहे आणि दोघं शिक्षक एकमेकांशी बोलतात. भट्टीकडे अर्धं टिकलं. रस्त्याकडे टिकलं नाही. तिथे शिक्षक जास्त, पट जास्त आणि चिठ्ठी भरणं हे कुणा एकाचं काम ठरलं. ते तिथल्या एचएमना दाखवूनच लिहायचं.

अहवालात आकडे कमी असतील. तीन शाळांवरून तालुक्याचं बोलता येणार नाही, जिल्ह्याचं तर नाहीच. खिडकीजवळच्या मुलीनं डिसेंबरात फणसाची गोष्ट शेवटपर्यंत वाचली, पण एव्हाना ती तिला पाठही असेल, म्हणून तो आकडा धरत नाही. तिच्यासाठी नवी गोष्ट लिहायला घेतली आहे, या वेळी जोडाक्षरं मुद्दाम जास्त.

सीआरपी सरांचा निरोप : चिठ्ठीचा नमुना एका पानात बसवा आणि कन्नडमध्येही द्या, नाहीतर वर कुणी वाचणार नाही. अण्णा तर्जुमा करतायत. रस्त्याकडच्या शाळेतली जानेवारीची हजेरी उतरवून घ्यायची राहिलीय, संक्रांत झाली की जायचं.